पाच पिढ्यांचं नाक

संपादकांनी "परदेशातल्या नोकरीबद्दल लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा काचेची इमारत, गळ्यातलं ओळखपत्र आणि फ्रँकफर्टमधला एखादा प्रोजेक्ट असावा. ते सगळं माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या वाट्याला आलं. मी नोकरी केली ती दारूच्या कारखान्यात. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला आधी निवृत्त व्हावं लागलं.

तसं पाहिलं तर ब्रँडी ही आपल्याकडची सगळ्यात सोवळी दारू. ज्या घरात वाइनचं नाव काढलं तरी देवघराचं दार लोटून घेतात, त्या घरातही औषधांच्या कपाटात बामच्या डबीमागे ब्रँडीची छोटी बाटली असायची. लहान मुलांना सर्दी झाली की ती छातीला चोळायची आणि आजोबांना झाली की पोटात घ्यायची. आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांना सर्दी जरा वरचेवर व्हायची.

सासूबाई पहिल्यांदा डार्मश्टाटला आल्या, तेव्हा मी 'अर्क काढणाऱ्या कंपनीत' आहे असं शिरीषने त्यांना सांगून ठेवलं होतं. गावात औषधांची मोठी कंपनी असल्यामुळे ते खपूनही गेलं. बिंग फोडलं आमच्या लेकीने. रेवा तेव्हा किंडरगार्टनमध्ये होती. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते जर्मन. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी तिला विचारलं, "तुझी आई काय करते गं?" त्यावर ती आरतीच्या तबकापाशी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा माख्ट श्नाप्स!" म्हणजे, 'आई गावठी दारू गाळते!' सासूबाईंना जर्मनचं अक्षर येत नव्हतं, पण हे कळायला ते यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, "अगं, तुमची ब्रँडीच असते ना? मग श्नाप्स का म्हणते ही? जरा नीट शिकव तिला."

आमच्या मालकीणबाईंनी हे ऐकलं असतं तर सासूबाईंना मिठीच मारली असती. त्यांच्या आवारात श्नाप्स हा शब्द उच्चारायला बंदी होती.

कारखाना डार्मश्टाट आणि लुडविग्सहाफेनच्या मधल्या एका लहान गावात होता. घराण्याचं नाव मी देत नाही, कारण घराणी संपली तरी त्यांचे वकील उरतात. चार पिढ्या तिथे वाइनपासून ब्रँडी गाळत होत्या, पाचवी तयारीत होती. चौथ्या पिढीच्या मालकीणबाई म्हणजे 'झेनियोर-शेफिन', मोठ्या बाई. त्यांचा मुलगा 'युनियोर-शेफ', धाकटे साहेब. धाकटे साहेब पन्नाशीचे होते, पण जर्मन धंद्यात आई हयात असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो. हे ऐकून शिरीष म्हणाला होता, "मग आपल्याकडे वेगळं काय असतं?"

ब्रँडी कशी होते ते थोडक्यात सांगते. द्राक्षांची वाइन तांब्याच्या भांड्यात उकळायची, वाफ थंड करायची, आणि जे हाती येतं ते पुन्हा एकदा उकळायचं. पहिली धार डोकं दुखवते, शेवटची साबणासारखी लागते. मधली तेवढी ठेवायची. ती दिसते पाण्यासारखी आणि लागते आगीसारखी. मग ती ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते, लाकडाचा रंग आणि शहाणपण घेते. शेवटी वेगवेगळ्या पिंपांतली, वेगवेगळ्या वयांची ब्रँडी एकत्र करायची. या कामाला तिथे चक्क 'लग्न लावणं' म्हणतात. पत्रिका जुळवायला मी होते. माझी डॉक्टरेट वासांच्या रसायनशास्त्रातली.

आमच्या 'अस्सल जर्मन' ब्रँडीची वाइन टँकरमधून फ्रान्स आणि इटलीहून यायची. पिंपांचं लाकूडही फ्रान्सचं. तिला पूर्वी कोन्याक म्हणत, पण पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात फ्रेंचांनी ते नाव काढून घेतलं. मोठ्या बाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, तरी त्याचा राग त्यांना कालच्यासारखा होता. मग जर्मन काय होतं? एक म्हणजे घराणं, आणि दुसरं म्हणजे ज्याच्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही ते मुरवण. वाळवलेली आलुबुखारं, बदामाची टरफलं आणि जूनमध्ये झाडावरून उतरवलेले कच्चे हिरवे अक्रोड ब्रँडीत मुरत ठेवायचे आणि तो अर्क थोडा थोडा लग्नात घालायचा. कायद्याला ते चालतं. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं, आपल्या गोड्या मसाल्यासारखं, आणि शेजारणीला सांगायचं नाही हा नियमही तसाच.

आमच्या तीन तऱ्हा होत्या. बाटलीवर निळी चिठ्ठी असलेली तरुण ब्रँडी चॉकलेटवाल्यांकडे आणि नाताळच्या बदकाच्या रश्शात जायची. हिरवी जेवणानंतरची, शांत. आणि काळी चिठ्ठी म्हणजे घराण्याची अब्रू. तिच्यात अक्रोडाचा कडवटपणा शेवटी येतो आणि जिभेवर बसून राहतो, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. लुडविग्सहाफेनच्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञांनी एकदा काळी चिठ्ठी स्वतः तपासून, आलेख जोडून, आमच्यावर आरोप केला की तुम्ही साखर घालता. आम्ही 'हो' म्हणून कळवलं. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन खोकी मागवली. जर्मन माणसाला साखर चालते, फक्त ती त्याच्या परवानगीने घातलेली हवी.

आता त्या घरातली रीत. दर शरद ऋतूत, नाताळचा माल भरण्याआधी, काळ्या चिठ्ठीचं नवं लग्न मोठ्या बाईंपुढे जायचं. तळघराच्या दाराशी एक खुर्ची होती. बाई तिथे बसायच्या. मी तबक धरायची. त्यात दोन पेले, एकात गेल्या वर्षीची, एकात यंदाची. बाजूला केलरमाइस्टर, म्हणजे तळघराचे प्रमुख, हेर वेंडेल (तिकडे 'हेर' म्हणजे श्रीयुत आणि 'फ्राऊ' म्हणजे बाई) हात मागे बांधून उभे राहायचे. बाई प्यायच्या नाहीत, फक्त वास घ्यायच्या. पसंत असेल तर मान हलवायच्या, नसेल तर पेल्यावर पालथा हात ठेवायच्या. शब्द एकही नाही. हात पडला की आम्ही पुन्हा पहिल्यापासून. ही रीत त्यांच्या आजोबांनी घातलेली. धाकट्या साहेबांनी तिच्यावरून एक वाक्य बनवून सगळीकडे छापलं होतं, 'पाच पिढ्या, एक नाक'.

मला नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. त्या शरदात बाईंनी यंदाच्या पेल्यावर हात ठेवला. होतं असं कधी कधी. पण मग त्यांनी गेल्या वर्षीच्या पेल्यावरही हात ठेवला. त्यांनी स्वतःच पसंत केलेल्या, बाजारात विकून संपलेल्या ब्रँडीवर.

धाकटे साहेब वरून धावत आले, आणि काय झालं ते कळल्यावर हरखून गेले. "बघितलंत? आईचं नाक आता गेल्या वर्षीचाही दोष पकडतं!" त्यांनी ते त्या आठवड्यात दोन वार्ताहरांना सांगितलं. आम्ही मात्र तीन आठवडे पिंपं उलटीपालटी करत बसलो. मी यंत्रावर शंभर वेळा तपासलं. दोष नव्हताच. अखेर कंटाळून मी तेच जुनं लग्न पुन्हा तबकात ठेवलं, आणि बाईंनी शांतपणे मान हलवली.

मी वेंडेलना कोपऱ्यात गाठलं. "हेर वेंडेल, ही तीच ब्रँडी होती. एक थेंबही बदललेला नाही. हे काय चाललंय?"

वेंडेल साठी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, बोलायला अत्यंत कंजूष. त्यांनी एका पिंपाचं बूच दाबून बसवलं. मग म्हणाले, "म्हणजे... त्या दिवशी माझी दाढ दुखत होती."

"मग?"

"मग माझं तोंड वाकडं झालेलं होतं. दोन्ही पेल्यांच्या वेळी."

मग त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बाईंना मोठा फ्लू झाला होता. फ्लू गेला तो वास घेऊन गेला. कॉफी, गॅस, गुलाब, ब्रँडी, काहीच येत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, वेंडेलनाही नाही. वेंडेलनी ओळखलं, आणि तेही बोलले नाहीत. तेव्हापासून बाई पेला नाकाशी नेत आणि त्याच्या कडेवरून वेंडेलच्या चेहऱ्याकडे बघत.

"म्हणजे सगळं तुमच्या नाकावर चाललंय," मी म्हटलं.

वेंडेलनी मान खाली घातली. "फ्राऊ डॉक्टर, माझं नाकसुद्धा आता पेन्शनीत गेलंय. लग्न लावताना मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो."

पाच पिढ्यांचं ते नाक नथ घालायच्या घराण्यातून, साताऱ्याहून आलं होतं, आणि खुद्द नाकालाच कोणी ते सांगितलं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. मी आजवर ज्या मोकळेपणाने तोंडं केली होती, ती सगळी आठवायला लागली.

कोणालाच काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. घरच्या मोठ्यांना दिसेनासं झालं की आपण पानात वाढताना 'ही उजवीकडे चटणी' असं सहज बोलतो आणि पुढे जातो. त्यांचा मान राहतो, आपलं काम होतं. तेवढंच हे.

पण पुढच्या वर्षी धाकट्या साहेबांनी मला वर बोलावून घेतलं. भिंतीवर एक नकाशा लावला होता. तळघराचा दर्शनी भाग पाडून तिथे पर्यटकांसाठी काचेची खोली, विक्रीचं दुकान, आणि मध्यभागी आईंचं मोठं तैलचित्र.

"आणि त्या स्वतः?" मी विचारलं.

"आई ऐंशीला आली. तिला आता वर आराम करू दे. वासाचं काम फ्रँकफर्टची एक संस्था करून देईल, त्यांच्याकडे माणसांचं पथक असतं." मग ते जरा पुढे वाकले. "मी अन्याय करणार नाही. तिचं नाक अजून शाबूत असेल तर सगळं आहे तसं राहील. तुम्ही शास्त्रज्ञ आहात. या वेळी तीन पेले ठेवा. दोन आपले, एक सुपरमार्केटमधल्या स्वस्त बाटलीचा. परका पेला तिने हाताने झाकला पाहिजे. कुठला तो फक्त तुम्हाला माहीत असेल, मलासुद्धा नको. नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून तिला कळेल."

चेहऱ्याचं त्यांच्या लक्षात आलं याचं मला कौतुक वाटलं. फक्त चुकीचा चेहरा लक्षात आला होता.

बाईंचं काय जाणार होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या रोज सकाळी काठी टेकत तळघरात उतरायच्या, पिंपांवर हात फिरवायच्या, लाकडावर टिचक्या मारून आवाज ऐकायच्या. नवरा गेला, मैत्रिणी गेल्या, वास गेला. तो जिना तेवढा उरला होता. तोही काढून घेतला की वर सोफ्यावर बसून स्वतःच्या तैलचित्राच्या खाली म्हातारं व्हायचं.

वेंडेल म्हणाले, "सोपं आहे. तुम्ही तबक धरणार. परक्या पेल्याला भुवई उचला. मी तुमच्याकडे बघत राहीन, म्हणजे त्याही बघतील." मी 'हो' म्हणाले. रसायनशास्त्राची डॉक्टर भुवईने लबाडी करायला तयार झाली, आणि आरशापुढे सरावही केला. शिरीष म्हणाला, "अगं, डोळ्यात काही गेलंय का?"

तो दिवस आला. बाई राखाडी कोट घालून खुर्चीत बसल्या. धाकटे साहेब या वेळी समोरच उभे होते. मी तबक पुढे केलं. मधला पेला परका होता, आणि त्याचा खोट्या व्हॅनिलाचा वास मला हातभरावरून येत होता. बाईंनी पहिला पेला उचलला, माझ्याकडे पाहिलं, मग वेंडेलकडे, मग मुलाकडे. मुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

माझी भुवई तशीच वर राहिली. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी एकेक पेला नाकाशी नेला आणि परत ठेवला. हात कशावरही ठेवला नाही, मानही हलवली नाही. त्या तळघरात त्या रीतीत पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर ते हे.

"मला काहीही वास येत नाही. बरीच वर्षं झाली. या दोघांनी मला सांभाळून घेतलं. आता पुरे." डोळे उघडून त्या मुलाला म्हणाल्या, "पाचवी पिढी तू आहेस. तू सांग, यातली आपली नाही ती कुठली?"

धाकटे साहेब लाल झाले, पण मागे हटले नाहीत. पुढे आले, तिन्ही पेले सावकाश हुंगले, मधल्यापाशी थांबले, पुन्हा हुंगला. त्यांचा चेहरा उजळला.

"ही तर आपली काळी चिठ्ठी. ही कुठेही ओळखेन मी."

वेंडेल खोकले. मी मधला पेला उचलून त्याच्या तळाची खूण दाखवली. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं मला हसू येईल, पण त्या पन्नाशीच्या माणसाचं तोंड बघून मी नजर दुसरीकडे वळवली. बाईंनी त्यांचा हात धरला आणि दोनदा थोपटला. ते वर निघून गेले. काचेच्या खोलीचा नकाशा पुढे कधी भिंतीवर दिसला नाही.

मग बाईंनी पहिला पेला माझ्या हातात दिला. "फ्राऊ डॉक्टर, यात काय आहे ते मला सांगा."

मी शिकलेल्या शब्दांत सुरुवात केली. त्यांनी काठी आपटली. "पुस्तकातलं नको."

मग मी म्हटलं, पहिल्यांदा ऊन लागलेलं लाकूड येतं. मग आलुबुखारं, पण गुळात शिजवल्यासारखी. गूळ म्हणजे काय ते समजावण्यात थोडा वेळ गेला. मग बदाम, आणि मग मऊ, गोड असं काहीतरी बराच वेळ रेंगाळतं.

"आणि शेवटी? अक्रोडाचा कडवटपणा?"

मी पुन्हा हुंगलं, घोटही घेतला. "फारसा नाही."

बाईंनी वेंडेलकडे मान वळवली. वेंडेल बुटांकडे बघत म्हणाले, "अक्रोडाचा अर्क घातला की दरवेळी फ्राऊ डॉक्टर नाक मुरडायच्या. मी थोडा थोडा कमी करत गेलो."

मी चहात तीन चमचे साखर घेते. कारलं आजही पिळून, मीठ लावून, वर गूळ घालून करते. माझ्या या जिभेपायी एका जर्मन घराण्याची चार पिढ्यांची चव गोडावली होती, आणि माहितीपत्रकात अजून 'जिभेवर बसून राहणारा कडवटपणा' छापत होते.

"कोणी तक्रार केली?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी खरं ते सांगितलं. "उलट खप वाढला."

मला वाटलं, चालू द्या म्हणतील. धंदा होता, आकडे वर जात होते.

"वडील मला लहानपणी बोट बुडवून चाटायला द्यायचे," त्या म्हणाल्या. "मी थुंकायची. ते म्हणायचे, थांब, कळेल. कळायला मला वीस वर्षं लागली. तो कडवटपणा परत घाला. मला येणार नाही, पण तो तिथे आहे हे मला ठाऊक असेल."

पुढच्या जूनमध्ये आम्ही अक्रोड दुपटीने उतरवले. हिरव्या सालींच्या डागांनी माझे हात कित्येक दिवस काळे होते, मंडळात बायकांनी विचारलं की मेंदी अशी कशी रंगली. जुन्या प्रमाणाने अर्क घालताना, माझं मुरडलेलं नाक दिसू नये म्हणून, वेंडेलनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. लग्न लागलं, माल बाहेर पडला.

नाताळनंतर एका दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. फ्रांकोनियातल्या एक बाई होत्या, कित्येक वर्षांच्या गिऱ्हाईक, चांगल्याच भडकलेल्या. बाटली बिघडली आहे म्हणाल्या. मी नेहमीप्रमाणे माफी मागणार होते, तेवढ्यात काठीचा आवाज आला. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मी काही न बोलता रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी ऐकलं. तिकडचा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होता.

"कडू?" त्यांनी विचारलं. खुर्ची ओढून घेतली, सावकाश बसल्या, डोळे मिटले. "किती कडू? अगदी शेवटी येतं का? आणि मग जातच नाही? हो... हो, अगदी तसंच. नाही, नाही, फोन ठेवू नका. अजून सांगा."